पाणी नेमकं कुठे मुरतंय?

प्रश्न : आमच्या गावात नळपाणी योजनेची टाकी बांधून दोन वर्षं झाली, पण टाकीत पाणी चढत नाही. ग्रामपंचायतीत कामाचे कागद मागितले तेव्हा ‘ते गोपनीय आहेत, तुम्हाला कशाला हवेत?’ असं उत्तर मिळालं. सरकारला अशी गुप्तता पाळण्याचा अधिकार असतो का? दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या भावाची. तो आता कशावरच विश्वास ठेवत नाही. लस, मतमोजणी, हवामानाचा अंदाज, सगळंच त्याला बनाव वाटतं. ‘दादा, तू प्रश्न विचारशील, पण उत्तर देणारेही तेच. मग विचारून उपयोग काय?’ असं तो म्हणतो. त्याला काय सांगू?
– एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त अवघड वाटतो. म्हणून पहिल्याचं उत्तर आधी देतो. नळपाणी योजनेचे कागद गोपनीय नसतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराला दिलेली बिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला, हे सगळं लोकांच्या पैशाने झालेल्या कामाचं दप्तर आहे. ‘तुम्हाला कशाला हवेत?’ हे विचारण्याची मुभाही कायद्याने कोणत्याच कार्यालयाला दिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 6 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराने माहिती का हवी याचं कारण सांगण्याची गरज नाही. संपर्कासाठी लागेल तेवढा पत्ता दिला की पुरे.

तरीही ‘गोपनीय’ हा शब्द कार्यालयातल्या माणसाच्या तोंडी इतका सहज येतो. तो त्याने स्वतः शोधलेला नाही, वारसाने मिळालेला आहे. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात सरकारी गुपितांचा पहिला कायदा 1889 मध्ये केला. तो मुख्यतः लष्करी माहितीपुरता होता. पुढे लॉर्ड कर्झनच्या सरकारने तो कडक करायला घेतला आणि नागरी कारभाराच्या बाबीही लष्करी गुपितांच्या पंगतीला बसवल्या. त्या वेळी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. जिथे सरकारच्या हाती सगळी सत्ता आहे आणि लोकांच्या हाती वर्तमानपत्रांखेरीज दुसरा अंकुश नाही, तिथे हा अंकुशही काढून घेऊ नका, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. विधेयक 1904 मध्ये मंजूर झालं. 1923 मध्ये त्याची जागा शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली आणि तो आजही लागू आहे. या अख्ख्या कायद्यात ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्याच नाही. व्याख्या नसेल तर प्रत्येक टेबल आपापली व्याख्या करतं आणि टाकीची मोजमाप पुस्तिका तोफखान्याच्या नकाशाइतकी गुप्त होऊन बसते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्ये हा कायदा रद्द करावा अशी शिफारस केली होती. माझंही मत तेच आहे.

स्वतंत्र भारतात या कुलपाला पहिला मोठा धक्का न्यायालयाने दिला. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण या 1975 च्या खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका न्यायालयापुढे आणायची की नाही, असा वाद होता. त्या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी म्हटलं की लोकांच्या नावाने चालणाऱ्या कारभारात सार्वजनिक अधिकारी काय करतात हे जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. पण निकालपत्रातला हक्क तालुक्याच्या कार्यालयात पोचायला पुढे तीस वर्षं लागली.

तो पोचवला राजस्थानातल्या मजुरांनी. 1990 मध्ये आजच्या राजसमंद जिल्ह्यात मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही त्यातली ठळक नावं. दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांना किमान मजुरी मिळत नव्हती. कागदावर मात्र ती दिलेली दिसायची आणि तो कागद बघायला मिळायचा नाही. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी पहिली जनसुनवाई झाली. हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. त्या काळातल्या जनसुनवायांत मेलेल्यांची नावं मजूर म्हणून निघाली, गाव सोडून गेलेल्यांचे अंगठे निघाले, कागदावर पूर्ण झालेल्या इमारती जागेवर निघाल्याच नाहीत. यातलं बरंचसं गावाला आधीपासून माहीत होतं. पण नुसतं माहीत असणं वेगळं आणि भर सभेत कागदावर बोट ठेवून ‘हा माणूस वारला आहे’ असं त्याच्या भावाने म्हणणं वेगळं. 1996 मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं धरलं गेलं आणि कागद बघायला मिळण्याची ही मागणी देशभर गेली.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा 2002 पासूनचा धरला जातो. त्यावर राष्ट्रपतींची मोहोर लवकर उमटावी म्हणून ऑगस्ट 2003 मध्ये अण्णा हजारे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. गोव्याने त्याआधीच, 1997 मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे अंमलात आला. त्याच्या कलम 22 ने स्पष्ट केलं की 1923 चा गुपितांचा कायदा आणि हा कायदा यांत विसंगती आली तर हाच कायदा वरचढ राहील. तुमच्या गावातल्या दप्तरापर्यंत हे कलम पोचतं.

मग सरकारला काहीच झाकून ठेवता येत नाही का? येतं, आणि काही बाबतीत यायलाच हवं. सैन्याची हालचाल, खबऱ्याचं नाव, चालू तपासातले दुवे, परीक्षेआधीची प्रश्नपत्रिका, उघडण्याआधीची निविदा, या गोष्टी झाकलेल्या असण्यातच लोकांचं हित आहे. पण यांतल्या बऱ्याच गुपितांना मुदत असते, हे लक्षात घ्या. पेपर झाला की प्रश्नपत्रिका उघडी. निविदा उघडून काम दिलं की दरही उघडे. मंत्रिमंडळाचे कागददेखील निर्णय होऊन विषय संपला की कारणांसह लोकांसमोर यावेत, असं कायदाच सांगतो. कलम 8 मध्ये नकाराची कारणं मोजून दिली आहेत, पण त्यातच 8(2) आहे. माहिती देण्यातलं लोकहित हे ती दडवण्यातल्या हितापेक्षा मोठं असेल, तर ती देता येते. आणि नकार द्यायचाच असेल तर कलम 7(8) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. म्हणून ‘गोपनीय आहे’ असं कोणी म्हटलं की आवाज न चढवता एवढंच विचारा : कोणत्या कलमाखाली? ते लेखी द्या. बहुतेक ठिकाणी हा शब्द तिथेच गळून पडतो.

इथे एक चिंता नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कलम 8 मधल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदल केला आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावं लागे. शिवाय संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी जोड तिथे होती. नव्या शब्दरचनेत हे दोन्ही गेलं. हजेरीपटावरची नावंही कुणाची तरी ‘वैयक्तिक माहिती’च असतात. कोट किराण्यात ती नावंच वाचली गेली नसती तर काय उरलं असतं? आता सगळा भार 8(2) वर आला आहे, आणि तुमच्या अर्जात लोकहिताचं एक वाक्य लिहून ठेवणं त्यामुळे शहाणपणाचं ठरेल. कारण सांगण्याची सक्ती नाही, पण सांगायला मनाईही नाही.

आता तुमच्या भावाकडे येतो. त्याच्यावर रागावू नका. त्याचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. तो ज्या कुलपांसमोर उभा आहे ती मोठ्या माणसांनी लावलेली आहेत. नेताजी सुभाषचंद्र बोसांचंच पाहा. 18 ऑगस्ट 1945 रोजी तैवानमधल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला, असं सांगितलं गेलं. ते तपासायला 1956 मध्ये शाहनवाज खान समिती झाली, 1970 मध्ये खोसला आयोग नेमला गेला, 1999 मध्ये मुखर्जी आयोग नेमला गेला. पहिल्या दोघांनी अपघात मान्य केला, तिसऱ्याने नाकारला, आणि तिसऱ्याचा निष्कर्ष 2006 मध्ये सरकारने नाकारला. या सगळ्या काळात फायली मात्र बंद होत्या. केंद्राने पहिल्या शंभर फायली खुल्या केल्या त्या 23 जानेवारी 2016 रोजी, म्हणजे घटनेनंतर सत्तर वर्षांनी. तोवर कोणी नेताजींना साधूच्या वेशात पाहिलं होतं, कोणी रशियाच्या तुरुंगात. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची लष्करी चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवालही सरकारने लोकांसाठी खुला केलेला नाही, आणि त्या युद्धाबद्दल प्रत्येक पारावर वेगळा इतिहास सांगितला जातो. माहितीची जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही. भावाला हे जरूर सांगा की त्याचा संशय मला समजतो.

पण त्यालाच एक जुनी गोष्टही सांगा. ती आपल्याच भागातली आहे. करवीरचे महाराज चौथे शिवाजी यांना वेडसर ठरवून देखरेखीखाली ठेवलं होतं. त्यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी बोलवा होती. नुकत्याच सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी त्यावर झोड उठवली. बर्व्यांच्या नावची काही पत्रं हाती आली, त्यांचा आधार घेतला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट ठरली. जुलै 1882 मध्ये या पत्रांचे संपादक आगरकर आणि टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून ते 101 दिवसांनी सुटले. खटल्याच्या काळात त्यांच्या जामिनाची तजवीज केली ती जोतीराव फुल्यांनी, आपले सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांच्याकरवी. फुल्यांचं आणि या तरुणांचं अनेक बाबतींत पटत नव्हतं, तरी दरबाराला जाब विचारणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं, हे त्यांनी जाणलं.

गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर 1883 मध्ये महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे महाराज सुरक्षित हाती नाहीत, ही लोकांची शंका निराधार नव्हती. पण हाती धरलेला पुरावा खोटा होता, आणि त्या खोट्या पुराव्याने खऱ्या शंकेचं तोंड बंद केलं. ज्यांच्याकडे बोट दाखवायचं होतं ते फिर्यादी झाले आणि प्रश्न विचारणारे आरोपी. तुमच्या भावाच्या मोबाइलवर रोज जे येतं, त्यातली कितीतरी ‘पत्रं’ याच जातीची आहेत. सत्ताधाऱ्यांना खोटी अफवा फार सोयीची असते. ती एकदा खोटी ठरली की तिच्या शेजारचा खरा प्रश्नही तिच्याबरोबर कचऱ्यात जातो.

‘काहीच खरं नाही’ असं म्हणणारा माणूस बंडखोर वाटतो, पण कारभाऱ्याला त्याचा काडीचाही त्रास होत नाही. तो अर्ज करत नाही, ग्रामसभेत उभा राहत नाही, तारीख लक्षात ठेवत नाही. त्रास होतो तो दोन रुपये पानाने नकला मागणाऱ्याचा. आपल्याकडे संशयाला फार छान शब्द आहे. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण म्हणतो. पण घरात ओल आली तर हे वाक्य म्हणून आपण थांबत नाही. भिंत ठोकून बघतो, गच्चीची चीर शोधतो, नळाचा जोड उघडतो. सार्वजनिक कामात मात्र तेवढं वाक्य म्हणून चहा संपवून उठतो. भावाला विचारा, ‘पाणी मुरतंय’ हे तुला कळलं, आता ते कुठे मुरतंय हे शोधायला माझ्याबरोबर येतोस का?

शोधताना आपलीच समजूत चुकीची निघण्याची तयारी ठेवावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात उखडला. ठेकेदाराने डांबर खाल्लं, असं आम्ही सगळे छातीठोकपणे म्हणत होतो. मी अर्ज केला. तीस दिवसांत काही आलं नाही, अपील केल्यावर कागद मिळाले. मोजमाप पुस्तिकेतली जाडी आणि आम्ही खणून मोजलेली जाडी जुळत होती. दोष अंदाजपत्रकात होता. त्यात गटाराची तरतूदच नव्हती, त्यामुळे पाणी रस्त्याखाली साचत होतं. ज्याला आम्ही चोर म्हणत होतो तो या प्रकरणात तरी निर्दोष होता, आणि ज्या कागदावर सही करताना कोणालाच गटार आठवलं नाही तो कागद आम्ही कधी बघितलाच नव्हता. पुढच्या वर्षी गटार झालं. कागद मागितला नसता तर आजही आम्ही त्या ठेकेदाराला शिव्या देत बसलो असतो, आणि रस्ता दर पावसाळ्यात उखडला असता.

आता तुमच्या टाकीचं बघू. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. ‘योजनेत भ्रष्टाचार का झाला?’ असं विचारू नका, कारण माहिती अधिकारी मत देत नाही, दप्तरात आहे तेवढंच देतो. ‘अमुक योजनेची मोजमाप पुस्तिका, सर्व देयकं, कार्यपूर्णत्वाचा दाखला आणि पाणी चढवून घेतलेल्या चाचणीची नोंद यांच्या साक्षांकित नकला द्याव्यात’ असं लिहा. काम जिल्हा परिषदेने केलं असेल आणि कागद तिथे असतील तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्याची आहे, तुमची नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

उत्तराला तीस दिवस. ते आलं नाही तर तो नकारच समजायचा आणि पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं. मुदत टळल्यावर दिलेल्या माहितीचे पैसे घेता येत नाहीत. पहिल्या अपिलाने भागलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाला दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 रुपयांपर्यंत दंड करता येतो, पण आयोगापुढे हजारो अपिलं पडून आहेत, त्यामुळे तिथवर जायची वेळ आली तर धीर लागेल. नकलांची वाट पाहायची नसेल तर अभिलेख प्रत्यक्ष बघण्याची मागणी करा. इतकंच नव्हे, वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. पाइपाचा तुकडा हासुद्धा कागदाइतकाच बोलका असतो.

हे काम एकट्याने करू नका. 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडे इथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, पण तो अजून अंमलातच आणलेला नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. म्हणून अर्ज एकाने नव्हे तर सात-आठ जणांनी वेगवेगळे करावेत, महिला बचत गटातल्या बायकांनीही करावेत. पाण्याची घागर तर त्याच वाहतात. मिळालेले कागद घरात दडवू नका. ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. सगळ्या गावाला जे माहीत आहे ते एका माणसाला गप्प करून लपत नाही.

भाऊ ‘विचारून काय उपयोग’ म्हणतो ना? त्याला दुसरं काही समजावू नका. अर्जावर त्याची सही घ्या, आणि मोजमाप पुस्तिका हाती आली की टेप घेऊन टाकीपासून विहिरीपर्यंतची पाइपलाइन त्यालाच मोजायला लावा. आकडे जुळले की नाही ते मला कळवा. या सदरात ते छापू.